कागदाचा शेजार

ओव्हाळ बाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी वास घ्यायच्या. आपण खोलीत शिरलो की पंखा बघतो, रिकामी खुर्ची बघतो, कोण कोण बसलंय ते बघतो. बाई दारातच थबकायच्या, नाक जरा वर करायच्या आणि निकाल देऊन मोकळ्या व्हायच्या. "बुरशी आहे. त्या भिंतीला. आणि कुठंतरी जुना डिंकही आहे." मग त्यांनी बोट दाखवलेल्या कपाटामागे खरोखरच ओल निघायची. एकदा तर माझ्या चुलतबहिणीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्यामुलाच्या काकांना बाजूला घेतलं आणि विचारलं, "तुम्ही कचेरीत रेकॉर्ड रूमला असता का हो?" काका चपापले. "तुम्हाला कुणी सांगितलं?" "कोटाला वास येतोय," बाई म्हणाल्या, आणि इतक्या आनंदाने म्हणाल्या की काकांना रागावताच आलं नाही. पानं वाढून झाली तरी ते दोघं एका कोपऱ्यात वाळवीवर बोलत उभे होते. शेवटी माझ्या आईला जाऊन त्यांना जेवायला बसवावं लागलं.

डॉ. रत्नमाला ओव्हाळ. अभिलेखशास्त्र शिकवायच्या. म्हणजे कागदपत्रं कशी जपायची, कशी लावायची, कुठली किती वर्षं ठेवायची आणि कुठली निर्धास्तपणे फेकून द्यायची, याचं शास्त्र. एका विद्यापीठाचा तो एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम होता. पुण्यात खोल्या नाहीत म्हणून विद्यापीठाने तो लोणावळ्यातल्या एका कॉलेजच्या वरच्या मजल्यावर ढकलून दिला होता. आता लोणावळा! जिथे जुलैत मिठाला पाणी सुटतं आणि कपाटातल्या चपला हिरव्या होतात, तिथे कागद जपायचं शिक्षण. माझी जीभ जरा तिखटच आहे. मी पहिल्याच दिवशी हे भर वर्गात बोलून दाखवलं. बाईंनी मला टाळी दिली. "अगं, हेच तर! इथे कागद टिकवलास तर जगात कुठेही टिकवशील. कोरड्या हवेत काय, कुणीही टिकवेल." आणि त्यांनी आम्हा पाच जणांना कामाला लावलं ते वेखंडाच्या पुरचुंड्या बांधायला. त्या वर्षी विद्यार्थी पाचच होते. आदल्या वर्षी चार होते, त्यामुळे बाईंच्या मते विषयाची भरभराट चालली होती.

या बाई सतरा वर्षं तासिका तत्त्वावर होत्या. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचे पैसे, उन्हाळ्याची सुट्टी लागली की नोकरी संपली, आणि जूनमध्ये पुन्हा नवा आदेश आला तर आला. त्या आदेशावर कधीही 'अभिलेखशास्त्र' असं लिहिलेलं नसे. विद्यापीठाच्या लेखी या विषयाला शिक्षकाचं पदच नव्हतं. 'इतिहास, तासिका' एवढंच असे. पुण्याच्या इमारतीत आमच्या विभागाला सगळे 'रद्दी विभाग' म्हणत. मला याचा भयंकर राग येई. बाईंना येत नसे. "रद्दीला भाव तरी असतो," असं म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे जात.

बाई मूळच्या वडिवळ्याच्या. राहायच्या कामशेतला. बोलणं एरवी अगदी पुस्तकी, स्वच्छ. पण आनंद झाला की जीभ घसरून थेट भातखाचरात जायची, आणि आनंद तर त्यांना दिवसातून दहा वेळा व्हायचा. एखाद्या फायलीत जुन्या पद्धतीची पितळी टाचणी निघाली की, "आगं बाई, लय भारी! हिकडं या समदी!" आम्ही धावत जायचो आणि पाच जण मिळून एक टाचणी बघत उभे राहायचो. हसू यायचं, पण खोटं कशाला सांगू, पाचव्या मिनिटाला आम्हालाही ती टाचणी भारी वाटायला लागायची.

एकदा त्या आम्हाला इंदुरीच्या पलीकडच्या एका गावात सोसायटीचं जुनं दप्तर बघायला घेऊन गेल्या. तिथले सचिव, वयस्कर गृहस्थ, दारातच आडवे उभे राहिले. "म्याडम, हितं काय बी न्हाई. समदी रद्दी हाय."

"व्हय का आबा? मंग रद्दी कुटं हाय तेवढं दावा."

"उंदरांनी खाल्लीया."

"उंदरांनी काय खाल्लं तेबी बगू की."

आबांचा नाइलाज झाला. माळ्यावर गेलो. बाई साडीचा पदर खोचून फरशीवर बसल्या आणि दोन तासांत त्यांनी आबांना शेजारी बसवून प्रत्येक गठ्ठा कुणी बांधला, कधी बांधला, हे वदवून घेतलं. निघताना आबाच विचारत होते, "म्याडम, वरच्या पत्र्यातनं पानी गळतंय, त्याला काय करावं म्हंता?" खाली येताना बाई मला म्हणाल्या, "कागद राखणाऱ्याला आधी विचारावं. कागदाला नंतर."

सरकारी कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात. 'अ' म्हणजे कायम जपायचा, 'ड' म्हणजे थोड्या काळाने नष्ट करायचा. बाई सगळं आयुष्य या चार अक्षरांत बसवायच्या. माझं घरी भावजयीशी वाजलं आणि मी तणतणत वर्गात आले, तर बाई म्हणाल्या, "ड वर्ग. वर्षाखेर नष्ट करावे." एका जुन्या विद्यार्थ्याने पहिल्या पगारातून त्यांना छत्री आणली, तिच्या दांड्यावर त्यांनी पेन्सिलीने बारीक 'अ' लिहून ठेवला होता. त्यांच्या सासूबाई मात्र, त्यांच्याच शब्दांत, 'वर्गीकरण प्रलंबित' होत्या.

हे वेड कुठून आलं, असं मी एकदा डबा खाताना विचारलं. त्या फारसं स्वतःबद्दल बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या. "आमच्या वस्तीतल्या माणसाच्या तोंडी शब्दाला पूर्वी कुणी विचारत नव्हतं, मेधा. माझ्या वडिलांना एक गोष्ट लवकर कळली, की आपला कागद असेल तर आपण आहोत. चौथी शिकलेला माणूस, पण पोस्टाची पावतीसुद्धा जपायचा." एवढं बोलून त्यांनी माझ्या डब्यातला भेंडीचा तुकडा उचलला आणि विषय बदलला.

आता त्यांचा मुख्य मंत्र. "कागद एकटा बोलत नाही. त्याचा शेजार बोलतो." कागद ज्याच्या मांडीला मांडी लावून बसलाय त्याच्याजवळून उठवायचा नाही. ज्याने तो ठेवला, त्याने तो तिथेच का ठेवला, हीच निम्मी माहिती. म्हणून गठ्ठा सोडायच्या आधी प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हलक्या पेन्सिलीने आकडा टाकायचा, मगच गाठीला हात लावायचा. हा नियम त्यांनी आम्हाला इतक्या वेळा ऐकवला की आम्ही त्यांच्या आवाजात तो म्हणून दाखवायचो.

आणि तो मी मोडला.

मी आधी ग्रंथालयशास्त्र शिकलेली. ग्रंथपालाचा हात विस्कटलेलं काही पाहिलं की शिवशिवतो. पुस्तकं लावायची असतात, क्रमाने, ही आमची जन्मघुटी. घरीही मी मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमाने लावते आणि आईच्या शिव्या खाते. त्यात त्या पावसाळ्यात आमच्यावर घाई येऊन पडली. विद्यापीठाचं पत्र आलं होतं. एक समिती लोणावळ्याला येणार, काम बघणार, आणि मग दोनातलं एक ठरणार. एक तर अभ्यासक्रम बंद, नाहीतर विषयाला एक पूर्णवेळ जागा. सतरा वर्षांत पहिल्यांदा 'पूर्णवेळ' हा शब्द कुणीतरी कागदावर लिहिला होता. बाई ते पत्र हातात घेऊन विभागाच्या दोन्ही खोल्यांतून फिरल्या.

"पण बाई, जागा मंजूर होऊन भरती होईपर्यंत तुमचं वय उलटून जाईल," मी म्हटलं. सांगितलं ना, जीभ तिखट.

"जाईल की," बाई म्हणाल्या. "मी माझ्यासाठी कुठं मागतेय? विषयाला मागतेय. मी गुडघेदुखीने एक दिवस घरी राहिले तर त्या दिवशी अख्ख्या विद्यापीठात हा विषय शिकवणारं कुणी नसतं. हे काही बरं नाही."

समितीला दाखवायला आमच्याकडे हुकमाचा एक्का होता. कार्ल्याच्या शांतामावशींनी आदल्याच महिन्यात त्यांच्या सासऱ्यांचे कागद आम्हाला दिले होते. सासरे म्हणजे धोंडूआबा. लोणावळ्यातल्या एका बंगल्यावर जन्मभर माळी होते. बंगल्याच्या मालकाला पावसाची नोंद ठेवायचा नाद. त्याने बागेत पर्जन्यमापक बसवला आणि रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून लिहायचं काम आबांकडे दिलं. आबा रोज एक पान फाडायच्या तारखेच्या कॅलेंडरचं कालचं पान घ्यायचे आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. इतके मिलिमीटर, आणि एखादा शब्द. 'जोर.' 'धुकं.' 'रातभर.' मालक वारला, बंगला विकला गेला, तरी आबा मोजत राहिले. अकरा गठ्ठे, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले. बाईंनी गठ्ठे नुसते वरून बघितले आणि आनंदाने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणी सांगितलं नसताना केलेलं काम आहे हे. बघ, बघ, बघ!"

पत्र आलं त्याच आठवड्यात समितीसाठी लागणारे दाखले गोळा करायला बाईंना तीन दिवस पुण्याला खेटे घालावे लागले. तास नाहीत म्हणून बाकीचे चौघं घरी, विभागात मी एकटी. बाहेर धो धो कोसळतोय, समोर अकरा गठ्ठे. मनात आलं, बाई येईपर्यंत सगळं लखलखीत करून ठेवू. गाठी सोडल्या तर आतली पानं सलग नाहीत, मधले मधले दिवस गायब. काही गठ्ठ्यांत तर निरनिराळ्या वर्षांची पानं एकत्र. मला वाटलं, बिचारा माळी, त्याला कुठून जमणार लावायला. प्रत्येक पानावर तारीख छापलेली, मग अडचण कसली? आकडे-बिकडे टाकत बसले नाही. तीन दिवस मान मोडून मी ती सगळी पानं वर्ष, महिना, दिवस अशी ओळीने लावली, नव्या पाकिटांत भरली, प्रत्येक पाकिटावर सुंदर अक्षरात चिठ्ठी लावली. कळकट फडकी टाकून दिली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना, तो बैल मी स्वतः ओढत होते.

बाई चौथ्या दिवशी आल्या. दारात थबकल्या, वास घेतला, आत आल्या. ओळीत उभी पाकिटं पाहिली. मी शाबासकीची वाट बघत उभी.

"आकडे टाकले होतेस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"फडकी कुठायत?"

बाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या हळूच म्हणाल्या, "एका महिन्याची पानं दोन वेगळ्या गठ्ठ्यांत होती. मी वरून पाहिलं होतं. त्याला काहीतरी कारण होतं, मेधा. आता ते आपल्याला कोण सांगणार?"

मी रडले. चांगली हमसून रडले. बाईंनी पाणी दिलं, पण 'जाऊ दे गं' असं काही म्हणाल्या नाहीत, आणि त्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

मग त्यांनी एक पाकीट उघडलं, एक पान हातात घेतलं आणि सवयीने खिडकीच्या उजेडात धरलं. पानाला कागद खाणारी कसर लागलेली होती. टाचणीच्या डोक्याएवढी दोन भोकं आणि एक वाकडी चीर. बाईंनी दुसरं पान धरलं. तिसरं धरलं. मग एकदम उभ्या राहिल्या, स्टूल मागे पडलं.

"मेधे! कसर! आगं, कसर सरळ आरपार जाते की! एका पानातनं दुसऱ्यात, दुसऱ्यातनं तिसऱ्यात! तिला काय तारीख वाचता येती व्हय? जी पानं शेजारी होती, त्यांची भोकं जुळनार म्हंजे जुळनार!"

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. जन्मभर ज्या किड्याशी बाईंनी वेखंड, कडुनिंब आणि ऊन घेऊन युद्ध केलं, तोच आता आमचा साक्षीदार होता.

पानं एकावर एक ठेवून खालून उजेड टाकायचा, तर काचेचं टेबल हवं. असलं साहित्य मागवायला महिने गेले असते. बाई तडक बाजारात गेल्या आणि एका चिक्कीवाल्याकडून जुनं काचेचं काउंटर मागून आणलं. टेम्पोतून, पावसात, ताडपत्रीखाली स्वतः बसून. आत ट्यूब लावली, वर पानं मांडली. काउंटरच्या फटींत मुरलेला गूळ ट्यूबच्या उबेला पाघळला आणि मुंग्यांची रांग लागली. "कसर झाली, मुंग्या झाल्या, आता फक्त समिती यायची राहिली," असं मी म्हटलं, तेव्हा बाई इतक्या हसल्या की त्यांचा चष्मा काचेवर पडला.

पुढचे बारा दिवस आम्ही सहा जण दुसरं काही केलं नाही. पहिली दोन पानं जुळली तेव्हा बाईंनी आरोळी ठोकली, खालच्या मजल्यावरचा तास थांबला आणि तिथले प्राध्यापक काय झालं म्हणून वर आले. बाईंनी त्यांनाही काचेसमोर बसवलं. अर्ध्या तासाने ते म्हणाले, "हे पान इथे लागतंय बहुतेक," आणि लागलं की! दुसऱ्या दिवशी ते आपणहून आले. भोक थोडं थोडं सरकत जातं, मोठं होतं, दुसऱ्याला मिळतं, आणि कधी गठ्ठ्याच्या मधेच संपतं. आम्ही भोकांना नावं ठेवली होती. चहा गार व्हायचा, डबे तसेच राहायचे. अभ्यास म्हणून मी आयुष्यात पुष्कळ काही केलंय. अभ्यासात माणूस उड्या मारतो हे तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

बाराव्या दिवशी चित्र उभं राहिलं. आठ गठ्ठ्यांत एकेका काळाची पानं होती, सरळ, माळ्याने वेळच्या वेळी ठेवलेली. आणि तीन गठ्ठ्यांत वेगवेगळ्या वर्षांतली, तुटक, एखाद-दोन दिवसांची पानं निवडून एकत्र केलेली. म्हणजे कुणीतरी ती मुद्दाम बाजूला काढली होती. का, ते मात्र भोकं सांगत नव्हती.

बाई म्हणाल्या, "चला कार्ल्याला."

शांतामावशी खाचराच्या बांधावर भेटल्या, लावणी आटोपून हातपाय धूत होत्या. बाईंनी त्यांना तीन गठ्ठ्यांचं विचारलं. मावशी सहज म्हणाल्या, "ती व्हय? ती मामंजींनी न बगितल्याली पानं."

"न बघितलेली म्हणजे?"

"आवो, कदी तापानं पडलं, कदी लगनाला गेलतं, कदी पाव्हण्याकडं मुक्काम केला, तर मोजाया कोन? मालक म्हनायचा, एक बी दिस मोकळा ठिवू नगंस. मंग आलं की शेजाऱ्याला इचारायचं, बादलीत किती पानी साचलं, वढा कुटवर आला, आन अदमासानं ल्ह्यायचं. मालकाला दावून झालं की ते पान येगळं काढायचं. म्या म्हनलं, मामंजी, कोन बगतंय? तर म्हनायचं, 'म्या डोळ्यानं बगितल्याल्यात ह्ये मिसळायचं न्हाई. पाऊस म्हनंल, धोंडू माज्या नावावर खोटं बोलला.'"

बाईंनी मावशींचे ओले हात आपल्या हातात घेतले. मला तर कुठे बघावं कळेना. त्या माणसाने पानावर एक अक्षर जास्त लिहिलं नव्हतं. त्याचं सगळं इमान त्याने फक्त गठ्ठा वेगळा बांधण्यात ठेवलं होतं, आणि मी ते तीन दिवसांत, छान अक्षरात, पुसून टाकलं होतं.

परत येताना मी म्हटलं, "बाई, आता सगळं पहिल्यासारखं झालंय. समितीला सांगायची काय गरज आहे?"

मला खरंच वाटत होतं की त्या हो म्हणतील. अभ्यासक्रम जगणार की मरणार, हे त्या एका भेटीवर होतं. स्वतःच्याच विभागात, स्वतःच्याच पहिल्या नियमाचा मुडदा पडल्याचं कोण सांगतं?

"पहिल्यासारखं कुठं झालंय? तेवीस पानांना भोकच नाही. ती कुठल्या गठ्ठ्यातली, माहीत नाही. बाकीची आपण लावली. म्हणजे तो आपला अदमास आहे. धोंडूआबांनी आपला अदमास वेगळा बांधला. आपण आपला अदमास त्यांच्या नावावर खपवायचा?"

तेवीस पानं वेगळ्या पाकिटात गेली. वर लिहिलं, 'स्थान माहीत नाही.' आणि गठ्ठ्यांच्या सूचीच्या पहिल्या पानावर बाईंनी मला माझ्या हाताने लिहायला लावलं की मूळ क्रम माझ्याकडून मोडला गेला, आणि पुढचा क्रम कसरीच्या भोकांवरून लावलेला आहे. खाली माझी सही. माझ्या सहीखाली त्यांनी स्वतःची केली.

समिती आली. चार जण. अध्यक्षांनी चष्मा लावून सूचीचं पहिलं पान वाचलं, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "डॉक्टर ओव्हाळ, क्रम मोडू नये हेच तुम्ही इथे शिकवता ना? आणि तुमच्याच विभागात तो मोडला?"

मी उभी राहून "सर, मी..." म्हणेपर्यंत बाई बोलून गेल्या होत्या.

"मोडला सर. मी तीन दिवस पुण्याला सह्या गोळा करत होते. इथे दुसरं शिकवणारं कुणी नाही. म्हणून तर पूर्णवेळ माणूस मागतोय."

मग समितीतल्या एक बाई, पावसाचा अभ्यास करणाऱ्या, पुढे झाल्या आणि त्यांनी ते तीन गठ्ठे मागितले. बाईंनी धोंडूआबांची हकीकत सांगायला सुरुवात केली. सुरुवात पुस्तकी भाषेत झाली. शेवट होईपर्यंत त्या शांतामावशींच्या भाषेत बोलत होत्या, अध्यक्षांचा हात धरून त्यांना काउंटरपाशी नेलं होतं, आणि अध्यक्ष खाली वाकून भोकं बघत होते. पावसाच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडे आकडे ढिगाने येतात. खरे कुठले आणि भरलेले कुठले, हे सांगणारा माणूस मला पहिल्यांदा भेटतोय." त्या धोंडूआबांबद्दल बोलत होत्या. पण बघत होत्या आमच्या बाईंकडे.

होकार कळायला सहा महिने लागले. त्यानंतर शासनाची मंजुरी, जाहिरात, मुलाखती. सरकारी गाडा तो, आपल्या चालीनेच चालणार. चार वर्षं गेली. त्या काळात मी पात्रता परीक्षा दिली, आबांच्या पानांवरच पीएच.डी. केली. बाईंचं वय झालं आणि त्या थांबल्या. आदेश जसा जूनमध्ये यायचा तसा एका जूनमध्ये आला नाही, एवढंच. निरोप समारंभ नाही, नारळ नाही, कारण तासिकेवरच्या माणसाला निवृत्ती नसते. मला त्याचा आजही संताप येतो. नंतर त्यांनी नाशिकला लेकीकडे राहायला जायचं ठरवलं.

नियुक्तीचं पत्र मला मिळालं त्याच आठवड्यात त्या जायच्या होत्या. आदल्या दिवशी भेटायला लोणावळ्यात आल्या. आम्ही एसटी स्टँडवर उभ्या होतो, कामशेतकडे जाणारी गाडी लागलेली. मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते परत माझ्याकडे दिलं. "चष्मा पिशवीत आहे. तू वाच. मोठ्याने."

मी वाचायला लागले. "श्रीमती मेधा..."

"नाव नंतर गं. पद वाच."

"सहायक प्राध्यापक, अभिलेखशास्त्र. पूर्णवेळ."

"परत."

मी परत वाचलं. बाजूच्या बाकावरची माणसं बघायला लागली. "अजून एकदा," बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा मी आणखी मोठ्याने वाचलं. बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता, आणि मी कधी पाहिलं नव्हतं इतका आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

"म्हंजे आता मी न्हाई आले, तरी तास व्हनार!"

कंडक्टरने घंटी मारली. बाई गडबडीने चढल्या. गाडी वळत असताना त्या मला खिडकीत दिसल्या. माझ्याकडे बघत नव्हत्या. शेजारच्या अनोळखी बाईला, दोन्ही हात हलवत, काहीतरी सांगायला त्यांनी सुरुवातही केली होती.